टपालगाडीचे घोडे आणि चित्राबाहेरचा हरकारा

(टपाल सप्ताहाच्या निमित्ताने बालाघाट येथे मराठी श्रोत्यांसमोर केलेले भाषण)



आपण मला बालाघाटला बोलावलेत याबद्दल मी आपला ऋणी आहे. हे गाव मला परके नाही. माझ्या आजीचे माहेर वारासिवनीजवळच्या एका खेड्यातले. ती पत्राला ‘डाक’ म्हणे आणि आजोबा ‘टपाल’ म्हणत. पोस्टमन दारात आला की दोन्ही शब्द एकदमच ऐकू येत. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले आणि बालाघाट दुसऱ्या राज्यात राहिले. नकाशावर रेघ ओढली गेली. परंतु आजीच्या माहेरची पोस्टकार्डे त्या रेघेवरून पूर्वीसारखीच येत राहिली.

आजचा विषय आपणच सुचविलेला आहे. घोड्यांच्या गाड्यांतून होणारा प्रवास आणि टपालाची ने-आण जुन्या चित्रकारांनी कशी पाहिली, याविषयी मी बोलावे अशी आपली इच्छा आहे. मी शासनाचा प्रसिद्धी अधिकारी आहे, कलाशाखेचा पदवीधर आहे. चित्रकार नाही, कलासमीक्षकही नाही. चित्रे निवडणे, ती कापून-बेतून पुस्तिकेत बसविणे आणि त्यांखाली एक ओळ लिहिणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्याच अधिकाराने मी बोलेन. भाषणानंतर काही चित्रे पडद्यावर दाखविण्याची व्यवस्था आहे, तेव्हा वर्णनात मी फार वेळ घेणार नाही.

विषय कानावर आला तेव्हा येथील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारले, “साहेब, आमच्या बालाघाटात घोड्याची टपालगाडी पाहिली आहे कोणी? आमच्याकडे तर डाक माणसाच्या डोक्यावरून यायची.” प्रश्न रास्त आहे. ह्या व्याख्यानाचा सारा भार मी त्या प्रश्नावरच टाकणार आहे. मात्र त्यासाठी प्रथम आपणांस इंग्लंडच्या रस्त्यावर न्यावे लागेल. कारण टपालगाडी म्हटल्यावर जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते, चार उमदे घोडे, लाल चाके, तुतारी फुंकणारा रखवालदार, ते चित्र भेटकार्डांवरून, दिनदर्शिकांवरून आणि बिस्किटांच्या डब्यांवरून आपल्याकडे आलेले आहे, आणि त्याचा उगम तिकडचा आहे.

इंग्लंडात १७८४ सालापर्यंत टपाल बहुधा घोड्यावर बसलेल्या पोऱ्यांच्या हाती असे. ते वाटेत लुटले जात, रमतगमत जात आणि पत्रे वाटेल तेव्हा पोहोचत. जॉन पामर नावाच्या गृहस्थाने असे सुचविले की, टपाल प्रवासी गाडीतून न्यावे, सोबत सशस्त्र रखवालदार द्यावा आणि वेळापत्रक पाळावे. हा पामर टपालखात्यातला नव्हे. बाथ आणि ब्रिस्टल येथील नाटकगृहांचा तो चालक होता आणि आपले नट व सामान एका गावाहून दुसऱ्या गावास वेळेवर कसे न्यावे हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. खात्यातील मंडळींनी त्याला विरोध केला, हे सांगायला नकोच. तरी २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून पहिली टपालगाडी निघाली आणि सुमारे १६ तासांत लंडनला पोहोचली. पूर्वी त्याच अंतराला ह्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागत असे. त्यानंतर हे जाळे देशभर पसरले. रखवालदाराजवळ बंदूक असे, तुतारी असे आणि कुलूपबंद पेटीत एक घड्याळ असे. तुतारी ऐकताच जकातनाक्याचे फाटक उघडावे लागे, कारण टपालगाडीला रस्त्याचा कर माफ होता. साधारण दहा-दहा मैलांवर घोडे बदलत. गाडी येण्यापूर्वीच ताजे घोडे साज चढवून उभे असत आणि अदलाबदल एक-दोन मिनिटांत उरकली जाई.

ह्या गाड्यांचा जो चित्रकार सर्वांत प्रसिद्ध झाला तो जेम्स पोलार्ड. त्याचा जन्म १७९२ चा. लंडनच्या मुख्य टपाल कचेरीतून रात्री निघणाऱ्या गाड्या, बर्फात रुतलेली गाडी, पुराच्या पाण्यातून जाणारी गाडी, विजांच्या कडकडाटात बुजलेले घोडे, अशी किती तरी चित्रे त्याने काढली. ताम्रपटावरून छापलेल्या त्यांच्या रंगीत प्रती घरोघरी आणि खाणावळींच्या भिंतींवर लागल्या. त्याचे घोडे जरा ठराविक ठशाचे आहेत, असे जाणकार म्हणतात. मलाही तसे वाटते. परंतु गाडीचा तपशील मात्र तो चुकत नाही. चाकाचा रंग, दारावरचे राजचिन्ह, टपावरचे प्रवासी, मागल्या पेटीवर पाय ठेवून बसलेला रखवालदार, सारे जागच्या जागी असते.

ह्या पोलार्डचे एक चित्र मला आपणांस मुद्दाम सांगावयाचे आहे. २० ऑक्टोबर १८१६ च्या रात्री एक्झेटरहून लंडनला जाणारी टपालगाडी सॉल्सबरीजवळच्या एका खाणावळीपाशी थांबत असता पुढच्या घोड्यावर सिंहिणीने झडप घातली. इंग्लंडात सिंहीण कोठून आली, असे आपण म्हणाल. फिरत्या प्राणिसंग्रहाच्या पिंजऱ्यातून ती निसटली होती. प्रवासी धावत खाणावळीत शिरले आणि त्यांनी आतून दार लावून घेतले. एक कुत्रा तिच्या अंगावर धावून गेला. शेवटी तिला जिवंत पकडण्यात आले. घोडा जखमी झाला, पण वाचला. त्या घोड्याचे नाव पॉमेग्रॅनेट, म्हणजे आपल्या भाषेत ‘डाळिंब’. पुढे तो घोडा जत्रेत लोकांना दाखविला जाई. पोलार्डने ह्या प्रसंगाचे चित्र काढले आणि त्याच्या छापील प्रती खपल्या. दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्या घोड्याचे नाव आपणांस ठाऊक आहे. हे नाव कृपया ध्यानात ठेवावे. मी पुढे त्याच्याकडे परत येणार आहे.

दुसरे चित्र स्वित्झर्लंडचे. रुडॉल्फ कोलर याने १८७३ साली काढलेले ‘गोट्‌हार्डची टपालगाडी’ हे तैलचित्र आज झुरिकच्या कलासंग्रहालयात आहे. आल्प्स पर्वतातील गोट्‌हार्ड खिंडीतून पाच घोड्यांची टपालगाडी धुरळा उडवीत भरधाव उतरते आहे. मागे गाईंचा कळप बिथरला आहे आणि गाडीच्या अगदी पुढे, घोड्यांच्या टापांखाली येईल की काय अशा बेताने, एक वासरू जीव घेऊन धावते आहे. चित्र पाहताना नजर प्रथम घोड्यांवर जाते, पण ठरते ती त्या वासरावर. हे चित्र काढवून घेतले कोणी? एका रेल्वे कंपनीने. आणि ते भेट दिले कोणाला? आल्फ्रेड एशर यांना, म्हणजे ज्यांनी त्या देशात आगगाड्यांचे जाळे विणले आणि गोट्‌हार्डच्या बोगद्याचा ध्यास घेतला त्या गृहस्थांना. बोगद्याचे काम १८७२ मध्ये सुरू झाले होते. १८८२ मध्ये त्यातून आगगाड्या धावू लागल्या आणि खिंडीतील घोड्यांच्या टपालाचे महत्त्व संपले. ज्यांनी टपालगाडी इतिहासजमा केली, त्यांच्याच दिवाणखान्यासाठी तिचे सर्वांत देखणे चित्र तयार झाले.

पोलार्डच्या बाबतीतही असेच झाले आहे. त्याचा बहराचा काळ १८२० ते १८४० चा. इंग्लंडातील टपाल १८३० पासून आगगाडीने जाऊ लागले आणि १८४० च्या दशकात लंडनहून सुटणाऱ्या टपालगाड्या एकामागून एक बंद पडल्या. लोकांना त्या गाड्यांचा लळा लागला तो नेमका त्या जात असताना. त्यांची चित्रे नंतरही पुनःपुन्हा छापली गेली आणि जितकी अधिक छापली गेली, तितका त्या प्रवासाचा त्रास विसरला गेला. टपावर बसून थंडीने गारठणारे प्रवासी, तीन-चार वर्षांत निकामी होणारे घोडे, अपरात्री कंदील घेऊन उभा राहणारा पागेवरचा नोकर. ही माणसे व जनावरे चित्रात असली तरी कडेला आहेत, नाही तर अंधारात आहेत.

आता आपल्या भागाकडे वळू. पोलार्ड वारला १८६७ साली. त्याच साली भंडारा, शिवनी आणि मंडला ह्या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बालाघाट हा नवा जिल्हा निर्माण झाला. आणि त्याच वर्षी मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला येऊन थांबला. तिकडे अलाहाबादकडून येणारा दुसरा लोहमार्ग त्याच १८६७ साली जबलपूरला पोहोचला. मुंबई-कलकत्ता हा सलग मार्ग इटारसी-जबलपूर वाटेने पुरा झाला तो मार्च १८७० मध्ये. मधली तीन वर्षे काय होत होते? मुंबई बंदरात उतरलेली विलायतेची डाक नागपूरपर्यंत वाफेच्या जोरावर येई, जबलपूरपासून पुढे पुन्हा वाफेच्या जोरावर जाई, आणि मधले सुमारे १६५ मैल घोड्यांच्या जोरावर. कामठी, मनसर, देवलापार, खवासा, मग कुरईचा घाट, शिवनी, लखनादौन आणि पुढे जबलपूर असा तो रस्ता. आज त्यावरून राष्ट्रीय महामार्ग जातो. कलकत्त्याच्या व्यापाऱ्याचे लंडनहून आलेले पत्र आपल्या शेजारच्या जंगलातून, टापांच्या तालावर, कंदिलाच्या उजेडात पुढे सरकत होते.

ह्या मार्गावरील डाकगाडी पोलार्डच्या चित्रातल्यासारखी नव्हती. टपालाची गाडी दोन चाकांची, हलकी. सारथी आणि टपालाच्या थैल्या, फार तर एखादा प्रवासी. वर्दी देण्यासाठी बिगुल. प्रवाशांसाठी निराळी डाकगाडी असे. ती म्हणजे चार चाकांवर ठेवलेली लाकडी पेटीच, बाजूला सरकती दारे, आत फळ्यांवर गादी टाकून माणसाने निजावयाचे. ठराविक टप्प्यावर चौकी, तेथे ताजे घोडे. पण हे घोडे बहुधा अर्धवट शिकविलेले, हट्टी. चौकीवरून निघताना ते जागचे हलत नसत. मग चार-पाच माणसे चाकाला हात लावीत, कोणी घोड्याच्या पायाला दोरी बांधून पुढे ओढी, कोणी कान पिरगाळी, आणि एकदा का घोडा सुटला की पुढच्या चौकीपर्यंत तो चौखूर उधळत जाई. त्या काळच्या इंग्रज प्रवाशांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनांत हा प्रसंग इतक्या वेळा येतो की, वाचणाऱ्याला तो पाठ व्हावा.

आणि चित्रे? हिंदुस्थानातील डाकप्रवासाची चित्रे हौशी अधिकाऱ्यांनी, त्यांच्या स्त्रियांनी आणि लंडनच्या सचित्र साप्ताहिकांसाठी फिरणाऱ्या चित्रकारांनी काढली. त्यांत विनोदाचा सूर पुष्कळ आहे. अडून बसलेला घोडा, खिडकीतून डोके काढून संतापलेला साहेब आणि भोवती हातवारे करणारे ‘नेटिव्ह’. साहेबाच्या चेहऱ्यावर भाव आहेत. चाक ढकलणाऱ्यांना बहुतेक वेळा पाठ तेवढी दिलेली आहे. ह्याला मोठा अपवाद जॉन लॉकवुड किपलिंग यांचा. कथाकार रुडयार्ड किपलिंग यांचे हे वडील. १८६५ पासून दहा वर्षे ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत शिकवीत होते आणि पुढे लाहोरला गेले. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बीस्ट अँड मॅन इन इंडिया’ ह्या त्यांच्या सचित्र ग्रंथात घोडे, बैल, उंट यांविषयी स्वतंत्र प्रकरणे आहेत. साज कसा असतो, जू कोठे टेकते, जनावराला कोठे घट्टे पडतात, हे त्यांनी कारागिराच्या नजरेने पाहिले. त्यांची सगळीच मते मला पटत नाहीत. परंतु जनावर आणि त्याचा माणूस यांना ते एकत्र पाहतात, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती.

मराठी मुलुखात घोड्यांच्या टपालाचा दबदबा होता तो घाटांत. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेल-पुणे वाटेवर घोड्यांच्या गाड्या धावू लागल्या. १८६३ मध्ये तो घाट आगगाडीनेही सर केला. पुढे पुणे-सातारा लोहमार्ग झाल्यावर महाबळेश्वरला जाणारी मंडळी वाठार स्थानकावर उतरत आणि तेथून टांग्याने वाई, पसरणीचा घाट, पाचगणी असे वर चढत. तिकडे उत्तरेत काल्क्याहून शिमल्यास जाणारा डाकटांगा प्रसिद्ध होता. १९०३ मध्ये रेल्वे आली आणि तोही मागे पडला. पाहा, सगळीकडे कथा एकच. घोड्यांच्या टपालाचे आयुष्य फार थोडे होते. रस्ता पक्का झाल्यापासून रूळ पडेपर्यंत, एवढेच. कोठे तीस-चाळीस वर्षे, कोठे पन्नास. आणि नागपूर-जबलपूर मार्गावरून विलायती डाक घोड्यांनी वाहिली ती अवघी तीन वर्षे.

त्याच्या आधी, त्याच वेळी आणि त्यानंतरही टपाल वाहिले ते माणसाने. इतिहासातील फार मोठ्या बातम्या पायी आल्या आहेत. पानिपतच्या संहाराची वार्ता जानेवारी १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ कळली, तीही एका सावकारी पत्रावरून. ते पत्र वाहणाऱ्या माणसाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. मराठ्यांच्या दप्तरांत जासूद आणि काशीद यांचे उल्लेख जागोजागी सापडतात. परंतु दरबारी चित्रकाराला बोलावणे जाई ते सरदाराचे अश्वारूढ चित्र काढण्यासाठी. आपल्या वाड्यांतील भित्तिचित्रांत घोडा आहे, तो लढाईचा आणि मिरवणुकीचा, पत्राचा नव्हे.

हरकारा ह्या शब्दाचा अर्थ पाहा: हर काम करणारा. खांद्यावर किंवा डोक्यावर थैली, हातात भाल्यासारखी काठी आणि काठीला घुंगरू. घुंगरांच्या आवाजाने पुढच्या चौकीला वर्दी मिळे आणि साप-जनावर वाटेतून दूर होई, अशी दुहेरी योजना. रानातल्या टप्प्यावर रात्री सोबत मशालवाला असे, कोठे ढोल वाजविणाराही असे. साधारणतः पाच-सहा मैलांची धाव. मग थैली दुसऱ्याच्या खांद्यावर. बालाघाटच्या पठाराकडे, बैहरच्या बाजूला, घाट चढून जाणाऱ्या वाटा आपण पाहिल्या आहेत. आज आपण त्या भागात कान्हाचे वाघ पाहावयास जीपमधून जातो आणि वाघ दिसला नाही तर हिरमुसतो. त्या माणसाला वाघ न दिसणे हीच त्या दिवसाची कमाई होती. सातपुड्याच्या काय किंवा सुंदरबनच्या काय, जंगलातल्या वाटांवर हरकाऱ्यांना वाघांनी नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

आता तो ‘डाळिंब’ नावाचा घोडा आठवा. इंग्लंडात एका रात्री, एका सिंहिणीने, एका घोड्याला जखमी केले. त्याचे चित्र झाले, नाव झाले, जत्रेत प्रदर्शन झाले. आमच्याकडे वाघाने नेलेल्या हरकाऱ्याचे काय झाले असेल? दुसऱ्या दिवशी थैली शोधली गेली असेल आणि तिसऱ्या दिवशी नवा माणूस नेमला गेला असेल. हे मी कोणा इंग्रजाला दोष देण्यासाठी सांगत नाही. पोलार्डने जे पाहिले, लोकांना जे हवे होते, ते काढले. आमच्याकडील चित्रकारांनाही हरकारा रोज दिसतच होता.

ह्या सगळ्या व्यवस्थेचा खर्च कोण देत होते, हेही थोडक्यात सांगतो. कारण टपालाचा इतिहास हा शेवटी दराचा इतिहास आहे. १८३७ च्या कायद्यानंतर कलकत्त्याहून मुंबईला जाणाऱ्या एक तोळा वजनाच्या पत्राला एक रुपया पडे. अंतर वाढले की दर वाढे. १ ऑक्टोबर १८५४ पासून लॉर्ड डलहौसी यांच्या कारकिर्दीत साऱ्या देशाला एकच दर लागू झाला: पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोकाला. त्याच वर्षी नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, हेही विसरता येत नाही. एका हाताने राज्य घेतले आणि दुसऱ्या हाताने अर्ध्या आण्याचे तिकीट दिले. मात्र एकदा दर एकच झाल्यावर बैहरच्या पत्रालाही मुंबईच्या पत्राइतकाच हक्क मिळाला, आणि तो हक्क प्रत्यक्षात उतरविण्याचे काम रानवाटेवरच्या माणसाच्या पायांवर पडले.

आता ज्या चित्रांसाठी मी मुख्यतः येथे आलो त्यांकडे येतो. ती संग्रहालयात नाहीत. प्रत्येकी बोटाच्या पेराएवढी आहेत आणि नाशिकला छापलेली आहेत. १९२० च्या दशकात नाशिक रोडला सरकारी मुद्रणालय निघाले आणि तोपर्यंत विलायतेहून येणारी टपाल तिकिटे येथेच छापली जाऊ लागली. सहावे जॉर्ज राजे झाल्यावर १९३७ मध्ये जी तिकिटे निघाली त्यांत टपालाच्या वाहनांची एक मालिका आहे. दोन आण्याला धावणारा हरकारा. अडीच आण्याला डाकेची बैलगाडी. तीन आण्याला डाकटांगा. साडेतीन आण्याला उंट. मग चार आण्याला टपालाची आगगाडी, सहा आण्याला आगबोट, आठ आण्याला मोटारलॉरी आणि बारा आण्याला विमान. एका बाजूला राजाचे मुखचित्र आहे; परंतु राजाला आपली जागा कोणाबरोबर वाटून घ्यावी लागली, तर पायी धावणाऱ्या माणसाबरोबर!

मी पहिल्यांदा ही मालिका एका संग्राहकाकडे ओळीने लावलेली पाहिली तेव्हा आनंद झाला. घरी आल्यावर मात्र एक गोष्ट खटकली. ओळ किमतीने लागते, आणि किमतीची ओळ म्हणजे वेगाची ओळ आहे. हरकारा सर्वांत स्वस्त, विमान सर्वांत महाग. त्याहून कमी किमतीची, रोजच्या पत्रांना लागणारी तिकिटे होती, त्यांवर केवळ राजाचे मुख. म्हणजे खेड्यातल्या माणसाच्या साध्या पत्रावर, जे पत्र बहुधा खरोखरीच हरकाऱ्याने आणलेले असे, त्यावर हरकारा नव्हता. हे मुद्दाम कोणी केले असे मला म्हणावयाचे नाही. माझ्याच धंद्यातल्या कोणा अधिकाऱ्याने कागदावर एक नीटनेटकी यादी केली असेल. नीटनेटक्या याद्या मीही करतो. तरीही त्या मालिकेत घोड्याचा टांगा बैल आणि उंट यांच्या मध्ये, हरकाऱ्यापासून दोन घरे दूर, एक साधा चाकर म्हणून उभा आहे. पोलार्डच्या ऐटबाज गाड्यांपेक्षा मला ही मांडणी आपल्या देशाच्या टपालाशी अधिक प्रामाणिक वाटते. स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये, भारतीय टपाल तिकिटाला शंभर वर्षे झाली तेव्हाही जुन्या टपालवाहनांची आठवण तिकिटावर करण्यात आली.

येथे एक कबुली दिली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पल्स पोलिओ मोहिमेच्या एका पुस्तिकेचे काम माझ्याकडे होते. पावसाळ्यात भरलेला नाला छातीएवढ्या पाण्यातून ओलांडणारा एक मदतनीस, त्याच्या डोक्यावर लसीची निळी पेटी, असे एक उत्तम छायाचित्र आले होते. मुखपृष्ठासाठी मी ते निवडले. परंतु वर शीर्षकाला आणि खाली बोधचिन्हाला जागा हवी होती. मी चित्र कापले. पेटी राहिली, पेटी धरणारे दोन हात राहिले, चेहरा गेला. पुस्तिकेचे कौतुक झाले. काही महिन्यांनी ज्या छायाचित्रकाराने ते चित्र घेतले होते तो भेटला. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “साहेब, त्या माणसाने मला विचारले होते, चित्र छापून आले की एक प्रत पाठवाल ना?” प्रत पाठविण्यासारखी राहिलीच नव्हती. त्या माणसाचे नाव मी विचारले. छायाचित्रकाराला आठवले नाही आणि माझ्या फायलीत ते नव्हते. पोलार्डच्या चित्राच्या अंधाऱ्या कडेविषयी मी आज जे बोललो ते ह्या अनुभवानंतर मला दिसू लागले आहे, आधी नव्हे.

आपल्या बालाघाटला घोड्याच्या टपालाचे युग फारसे आलेच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदिया-नैनपूर-जबलपूर अशी अरुंद रुळांची छोटी गाडी आली. तोपर्यंत पाय, बैल, नाव आणि क्वचित तट्टू. त्यानंतर स्टेशनपासून आत पुन्हा पाय आणि पुढे सायकल. ती छोटी गाडीही आता गेली. रुंद रुळांचे काम गेल्या काही वर्षांत पुरे झाले. तिची चित्रे, चलचित्रे, आठवणी पुष्कळ निघत आहेत, निघाव्यातही. मला कोलरच्या वासराची आठवण होते, इतकेच. त्या गाडीच्या डब्यातून थैल्या उतरविणारा, वैनगंगेला पूर आला असता नावेतून पलीकडे टपाल नेणारा, लांजी-कटंगीच्या शाखेत शिक्के मारणारा, यांची छायाचित्रे कोणाच्या घरी असतील तर ती येथेच, ह्या सभागृहातील मंडळींच्या घरी असतील. डाकबंगल्यासमोर घेतलेला एखादा सामूहिक फोटो, निवृत्तीच्या दिवशी हार घातलेला एखादा पोस्टमन, पट्ट्याचे पितळी बिल्ले. आपल्या संयोजकांनी असे फोटो पुढील वर्षीच्या टपाल सप्ताहात मांडावयाचे ठरविले आहे. माझी एकच सूचना आहे. मूळ फोटो कोणालाही देऊ नये, त्याची प्रत करून द्यावी. मागल्या बाजूस मऊ शिसपेन्सिलीने, शाईने नव्हे, माणसाचे नाव, गाव आणि अंदाजे साल लिहावे. नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारूनच लिहावे आणि ह्याच दिवाळीत विचारावे. आणि कडेला उभा असलेला, अर्धा कापला गेलेला जो कोणी असेल त्याचेही नाव विचारावे.

बराच वेळ झाला. आता दिवे मालवावेत. पहिले चित्र पोलार्डचे नाही, कोलरचेही नाही. ते दोन आण्यांच्या तिकिटाचे आहे आणि ते मी कोठेही कापलेले नाही.